समन्वयकाची मिशी

६ जानेवारी २०२५

आजपासून मी कॉलेजच्या 'दिव्यांग विद्यार्थी साहाय्य कक्षा'चा समन्वयक आहे. ज्या बैठकीत माझी नेमणूक झाली तिला मी हजर नव्हतो, आणि नेमणूक होण्याचं कारणही तेच. त्या दिवशी मी रजा टाकून एका यात्रेत बैलगाडा शर्यतीचं समालोचन करत होतो. ही वही पुढेमागे छापली गेलीच तर परजिल्ह्यातल्या वाचकांसाठी सांगतो: आमच्या जुन्नर-आंबेगावात शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात, आणि घाटात माईकवर प्रा. भगवंत हिंगे असले की माणसं बैलांच्या आधी जमतात. हे मी म्हणत नाही, अमृत साऊंड सर्व्हिसचा अमृत म्हणतो.

प्राचार्य म्हणाले, "हिंगे, नॅकची कमिटी कॉलेज तपासायला येणार आहे. कक्ष दिसला पाहिजे." म्हणून आधी पाटी रंगवून आणली. खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्यावरची, जिना चढून गेल्यावर डाव्या हाताला. खाली रॅम्प आहे, पण त्यावर प्राध्यापक मोटारसायकली लावतात. मीही लावतो.

यादी काढली तर माझ्या वर्गातलं एकच नाव निघालं. अनिसा राजमहंमद मोमीन, बी.कॉम. पहिलं वर्ष, श्रवणदोष. मी चाटच पडलो. पहिल्या बाकावर बसून तासभर माझ्या तोंडाकडे एकटक बघणारी हीच ती मुलगी! मला वाटायचं, काय ही एकाग्रता. पहिल्या सत्रात मात्र तिचे सगळे विषय सुटले आणि माझं अर्थशास्त्र तेवढं राहिलं. अर्थशास्त्र सगळ्यांनाच झेपतं असं नाही.

घरी आल्यावर दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बातमी सांगितली. त्यांनी नेहमीसारखी मान डोलावली. मी काहीही सांगितलं तरी दादा मान डोलावतात, उलटून एक प्रश्न विचारत नाहीत. असा बाप मिळायला भाग्य लागतं. माझ्या बायकोनं, मंगलनं, मात्र लगेच विचारलं, "त्या मुलीशी बोललात का? तिला काय पाहिजे ते?" मंगल जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवते, त्यामुळे घरातही सगळ्यांना पहिलीतच बसवते.

१४ जानेवारी, संक्रांत

काल वर्गात कक्षाचं उद्घाटन करून टाकलं. अनिसाला उभं केलं आणि सांगितलं, "ही आपली भगिनी. हिला ऐकू येत नाही. आजपासून आपण सगळे हिचे कान होऊ!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अनिसा लालबुंद झाली आणि बाकाखाली काहीतरी शोधत राहिली. आनंद काही जणांना पेलवत नाही.

तास संपल्यावर तिची मैत्रीण हर्षाली आली. ही डिंभ्याची, बोलायला धीट. म्हणाली, "सर, वर्गात निम्म्या पोरींना म्हाईतच नव्हतं. ती मशीन केसांखाली झाकून बसती."

"आता झाकायची गरज नाही," मी म्हणालो.

हर्षालीनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि निघून गेली. बहुधा भारावली असावी.

आज तिळगूळ खाताना पाक मिशीत अडकला. मंगलनं कोमट पाण्याचा वाडगा आणून ठेवला आणि म्हणाली, "आधी तिला भरवा, मग तुम्ही खा." माझी मिशी वरचा ओठ झाकून खालच्यावर टेकते आणि टोकं गालावर चढतात. यात्रेच्या फ्लेक्सवर माझा फोटो असतो तो तिच्यामुळे. चेष्टा सहन करावी लागते.

२० जानेवारी

पालकांना बोलावून घेतलं. राजमहंमदभाईंचं वारूळवाडीत पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. आमची दोघांची सविस्तर चर्चा झाली. अनिसा मधल्या खुर्चीवर बसली होती.

ते म्हणाले, "मशीन हाय सर कानाला. पर खरं म्हंजी ती ओठ बघून वळखती. घरात आमचं काय अडत न्हाई. समोर बसून बोललं की झालं."

हे ऐकून मला हायसं वाटलं. म्हणजे माझ्या तासाला प्रश्नच नाही. माझं तोंड शेवटच्या बाकावरूनही दिसतं.

मग ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "सर, तिला लई शिकायचंय. सीएच्या हापिसात लागायचं म्हनती. पर विषय असे ऱ्हात गेले तर रोज यष्टीनं हेलपाटे कशाला? ह्या टायमाला तुमचा विषय सुटला न्हाई, तर जूनपासून दुकानात बसंल. हिशोबाला माणूस लागतोच मला."

अनिसा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मला वाईट वाटलं. मी राजमहंमदभाईंना शब्द दिला, की पोरीला मी कॉलेज सोडू देणार नाही. शब्द देताना माझा आवाज थोडा चढला, तेव्हा शेजारच्या ऑफिसातले क्लार्क डोकावून गेले.

२४ जानेवारी

उपाय सापडला! इतका सोपा की कुणाला सुचला कसा नाही. ऐकू कमी येतं ना, मग आवाज वाढवायचा. अमृतला फोन केला. त्यानं घाटातले दोन बॉक्स, अॅम्प्लिफायर आणि माझा नेहमीचा माईक टेम्पोत घालून आणला. "सर, तुमच्यासाठी भाडं न्हाई," म्हणाला.

मी मागणीचा नियम सुरू केला. काय तास झाला! खिडकीतली कबुतरं गेली ती परत आली नाहीत. माईक हातात आल्यावर वेग आपोआप वाढतो, त्यामुळे टोमॅटोचा भाव पडल्यापासून मागणी वाढेपर्यंत सगळं एका दमात, आणि शेवटी घाटातली आरोळी, 'भिर्रर्र!' पोरांनी बाकं वाजवली.

सगळ्यात समाधानाची गोष्ट पुढेच. पाच मिनिटांत अनिसानं कानातलं मशीन काढून कंपासपेटीत ठेवून दिलं. तिला आता मशीनची गरजच उरली नाही.

२५ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. काल शेजारच्या हॉलमध्ये परीक्षा चालू होती. बॉक्स परत गेले.

१० फेब्रुवारी

आज अनिसा स्वतः स्टाफरूममध्ये आली. तिचा आवाज सपाट आहे, पण शब्द नीट लागतात. म्हणाली, "सर, फळ्याकडं तोंड करून बोलला की मला काय कळत न्हाई."

मी म्हणालो, मी फळ्याकडे बघून फारसा बोलतच नाही. मग तासावर लक्ष ठेवलं. मी फळ्याशी जितकं बोलतो तितकं बायकोशीही बोलत नसेन. पाठ वळली की तोंड सुरू होतं, जुनी सवय आहे. शेवटी हर्षालीला सांगितलं, मी फळ्याशी बोलायला लागलो की खोक. तास संपेपर्यंत तिचा घसा बसला.

आणखी एक ठरवलं. तासाचे मुद्दे आदल्या दिवशी टाइप करून अनिसाला द्यायचे. ती वाचून खूश झाली. "आधी म्हाईत असलं की ओठावरचं लवकर कळतं," म्हणाली. समन्वयक म्हणून माझा हात आता बसत चालला आहे.

१८ फेब्रुवारी

काही कळत नाही. तोंड वर्गाकडे, मुद्दे हातात, पहिला बाक, उजेडाची खिडकी. तरी चाचणीत तिला जेमतेम गुण पडले. पुस्तकातलं सगळं बरोबर, आणि मी तासाला जे वरचं सांगितलं त्याचा पत्ता नाही.

मंगलनं कक्षाचं परिपत्रक वाचायला घेतलं होतं. म्हणाली, "अहो, पहिल्याच ओळीत आहे, विद्यार्थ्याशी चर्चा करून."

पहिली ओळ कोण वाचतं? मी थेट नॅकच्या गुणांचा तक्ता काढला होता.

म्हणून आज अनिसाला हर्षालीसोबत बसवून विचारलं, "स्पष्ट सांग, कुठं अडतंय?" तिनं हर्षालीकडे बघितलं. हर्षालीनं खिडकीबाहेर बघितलं.

"रागावनार न्हाई ना, सर?"

"मी कधी रागावतो का?" मी ओरडून विचारलं.

"मिशी," अनिसा म्हणाली.

मला वाटलं तिळगूळ अजून अडकलाय. चाचपून बघितलं. मग तिनं समजावून सांगितलं. बोलताना तिला दोन्ही ओठ दिसावे लागतात. बाकीच्या सरांचे, मॅडमचे दिसतात. माझी नुसती मिशी हलते. वारा आल्यागत, असं म्हणाली.

मी रागावलो नाही. फक्त तास न घेता घरी आलो.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती

सकाळी जुन्नरला गेलो. शिवनेरीच्या वाटेवर पोराटोरांनीसुद्धा रंगानं मिशा काढल्या होत्या, आणि माझ्या वर्गातल्या मुलीला मिशी नको आहे.

प्रश्न शोभेचा नाही. आमच्याकडे बाप हयात असताना मिशी उतरवत नाहीत. उतरवायची ती बाप गेल्यावर, दहाव्याला. उद्या मी सफाचट होऊन आमच्या अवसरीच्या चौकात उभा राहिलो तर लोक काय समजतील? दादा समोर ओट्यावर बसलेले असताना हा विषय मनात आणायलाही मला कसंतरी होतं. ऐंशी ओलांडली त्यांनी. मला भीती वाटते, हे खरं आहे.

४ मार्च

मधला मार्ग काढतो आहे. पहिला प्रयत्न, मेण लावून मिशी वर चढवली. पहिल्या पंधरा मिनिटांत उष्म्यानं उतरली. दुसरा, मंगलचा केसांचा चाप. वर्गाला इतकं हसू आलं की मागणीची लवचिकता उद्यावर ढकलावी लागली. तिसरा, मोबाईलवर बोललेलं टाइप करणारं अॅप. ते माझ्या वेगापुढे दमून थांबलं. अनिसा हळू बोलायला सांगते, आणि मी हळू बोललो की मलाच झोप येते.

रमजान सुरू आहे. ती रोजा धरून येते, तरी पहिल्या बाकावर मान ताठ करून बसते. हल्ली मला तिच्याकडे बघायचं धाडस होत नाही.

१८ मार्च

अनिसा आठवडाभर आली नाही. हर्षालीला विचारलं. म्हणाली, "ती म्हनती, सरांचं तोंड बघून नुसती मान अवघडती. त्यापरीस दुकानात बसलेलं काय वाईट?"

दुपारी मोटारसायकल काढली आणि वारूळवाडी गाठली. दुकानात दोन मोटारी टेस्टिंगला लावलेल्या, तिसरीवर ग्राइंडर. कानठळ्या बसत होत्या. राजमहंमदभाई हसून काहीतरी म्हणाले. मी म्हणालो, "काय?" ते पुन्हा म्हणाले. मी पुन्हा "काय?" ज्या माणसाचा आवाज घाटाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, तो तिथं ठोंब्यासारखा उभा होता.

अनिसा टेबलापलीकडे बसली होती. एक शेतकरी दाराशी उभा राहून मोटारीचं काय बिघडलं ते सांगत होता. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती त्याच्याकडे बघून पावती लिहीत होती, मध्येच प्रश्न विचारत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, अब्बा म्हनत्यात, खुर्ची घ्या. चहा सांगू का? आमचा रोजा हाय, तुमी घ्या."

मी खुर्ची घेतली. त्या गोंगाटात तिला सगळ्यांचं कळत होतं, माझ्या एकट्याचं सोडून.

मोटारी बंद झाल्यावर मी म्हणालो, "अनिसा, अंतर्गत तोंडीचे पूर्ण गुण मी तुला देऊन टाकतो. तोंडी घेतच नाही तुझी. विषय सुटेल."

तिनं दोनदा बोलायला लावलं मला. कळल्यावर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "फुकटचं नको, सर. प्रश्न कळू द्या फक्त. उत्तर मी देते."

राजमहंमदभाई म्हणाले, "असूं द्या सर. लई केलं तुमी. साऊंडसुद्धा आनला." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

२० मार्च

दादांना विचारलं. सकाळी ओट्यावर त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. मुलगी, ओठ, मिशी, दुकान. त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे काढू?" मी विचारलं. पुन्हा मान डोलावली.

मंगल भांडी ठेवून आली. त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तेच सगळं चार वाक्यांत म्हणाली. तिनं आवाजही चढवला नाही. दादांची मान थांबली. ते माझ्याकडे वळले.

"मिशी काढायची म्हनतोस? मी हाय की अजून!"

"म्हणूनच विचारतोय, दादा."

"काय म्हनतोय ह्यो?" त्यांनी मंगलला विचारलं. तिनं सांगितलं. दादा माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "भगवंता, तुझं बोलनं मला धा वर्सं झाली, कळत न्हाई. मंगलचं कळतं. तू काय बोलला की मी आपली मान हलवतो. म्हटलं, मास्तर मानूस, बोलतोय तर बोलू द्यावं."

मी काही बोललो असतो तरी त्यांना कळलं नसतं.

"काढ," दादा म्हणाले. "घरात माती झाल्याशिवाय वस्तरा लावूच नये का? मी बसतो इथंच ओट्यावर. ज्याला बघायचं त्यानं बघावं."

मंगल आत निघून गेली. तिच्या डोळ्यांना पदर होता.

२१ मार्च

मंचरला न्हाव्यानं वस्तरा उचलण्याआधी विचारलं, "सर, कधी गेले? आमाला कळलं सुदीक न्हाई." मी म्हणालो, कुणी गेलेलं नाही. त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळपर्यंत घरी रीघ लागली. भागूमावशी गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा फोडत आली, ओट्यापाशी पोचली आणि दादांनीच तिला "ये, पानी पी" म्हटलं. त्यानंतर आणखी बरीच मंडळी आली. दादा प्रत्येकाला तंबाखू देतात आणि विचारतात, "कुनाचं ऐकून आलात?" इतके खूश मी त्यांना फार दिवसांत पाहिले नाहीत. आज दुपारी ते माझ्याशी तासभर बोलले. मीही बोललो. त्यांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले, आणि दोनदा माझं म्हणणं चूक आहे असं स्पष्ट सांगितलं.

आरशात बघवत नाही. वरचा ओठ पांढराफटक आहे आणि अपेक्षेपेक्षा लहान.

२५ मार्च

हर्षालीच्या हाती निरोप पाठवला होता. आज अनिसा आली. माझ्याकडे बघून आधी कुणीतरी "सर, सॉरी" म्हणालं, मग मी दादा बरे असल्याचा खुलासा केला. कारण सांगितलं नाही. म्हटलं, उन्हाळा आहे. तिला पुन्हा उभं करायचं नव्हतं.

मी तास घेतला. वर्गाकडे तोंड, हळू. अनिसा माझ्या ओठांकडे बघत होती. पहिल्यांदा ती बघून लिहीत होती. अर्ध्या तासानं तिनं पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही आश्चर्य होतं की मला वाटलं, सीमांत उपयोगितेचा साक्षात्कार झाला.

तास झाल्यावर हर्षालीला घेऊन आली. "सर, एक विचारू? तुमी तासाला बैलगाड्याचं बोलता?"

"उदाहरण म्हणून. अधूनमधून."

"आज निम्मा तास बोलला." ती हर्षालीकडे वळली. "रोज असंच असतं का गं?"

"रोज," हर्षाली म्हणाली. "कधी कधी पुरा तास."

अनिसाला आधी हसू आलं, मग तिचे डोळे भरले. "मला वाटायचं, सगळे ऐकून हसत्यात, मान डोलवत्यात, म्हंजी लई अवघड काय तरी सांगत असनार. रात्रंदिवस पुस्तकात शोधत बसायची मी. कुठं सापडंना. मला वाटलं, मलाच जमत न्हाई हे."

मी म्हणालो, उदाहरणं कमी करतो. माझा आवाज इतका लहान निघाला की हर्षालीनं "काय सर?" म्हणून विचारलं. अनिसानं तिला सांगितलं.

३१ मार्च, ईद

राजमहंमदभाईंकडे शिरखुर्मा प्यायला गेलो, मंगलला घेऊन. सगळा शिरखुर्मा तोंडात गेला. आजवर मी शिरखुर्म्याची चव अर्धीच घेत होतो असं दिसतं. मंगल आणि अनिसा स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होत्या आणि मध्येच माझ्याकडे बघून हसत होत्या. काय बोलत होत्या ते मला लांबून कळलं नाही.

१६ एप्रिल

तोंडी परीक्षा घेतली. माझी तोंडी परीक्षा म्हणजे घाटातली बारी, बैलांची एका दमातली दौड, प्रश्नांवर प्रश्न, श्वास घ्यायला जागा नाही, पोरं कापतात. या वेळी प्रत्येक प्रश्न कार्डावर लिहून आणला आणि ज्याला हवं त्यानं कार्ड घ्यावं असं सगळ्यांनाच सांगितलं. अनिसाला वेगळं काही दिलं असं कुणाला वाटू नये म्हणून. तर निम्म्या वर्गानं कार्डं उचलली! मागच्या बाकावरचा आदेश, जो वर्षभर "येत नाही सर" एवढंच म्हणाला, त्यानं कार्ड वाचून चार मिनिटं उत्तर दिलं.

अनिसानंही कार्डं घेतली. वाचली, पालथी ठेवली आणि माझ्याकडे बघून उत्तरं दिली. एका ठिकाणी मी घाईत उलटा प्रश्न टाकला, तो तिनं ओठांवरून पकडला आणि म्हणाली, "सर, भाव वाढला म्हनलात तुमी. कार्डावर कमी झाला लिवलंय." चूक माझी होती. तोंडीत नापास होण्याची वेळ माझ्यावर आली होती.

आता विद्यापीठाची परीक्षा. यात्रेच्या फ्लेक्सवर जुनाच फोटो छापून आला. लोक माईकपाशी येऊन विचारत होते, हिंगे सर कधी येणार.

२६ जून

सकाळी निकाल लागला. मी तो बघितला नाही. संगणकापाशी दोनदा जाऊन परत आलो. बावीस वर्षं मुलांचे निकाल लागतात, पण असा माघारी कधी फिरलो नव्हतो. कक्ष आता तळमजल्यावर आणला आहे. खोलीत बसून राहिलो. रॅम्पवरच्या मोटारसायकली हलवल्यापासून दारातून थेट फाटक दिसतं.

अकराच्या सुमारास राजमहंमदभाई फाटकातून आत येताना दिसले. चेहरा गंभीर. मागे अनिसा आणि हर्षाली. मी उठून उभा राहिलो.

ते आत आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सर, माझी पंचाईत करून ठेवली तुमी."

"काय झालं?"

"आता हिशोबाला मानूस कुठून आनू? ही तर चालली पुढच्या वर्गात."

मी अनिसाकडे बघितलं. तिनं मान हलवली. हर्षाली मागून ओरडली, "सर, अर्थशास्त्रात वर्गात दुसरी हाय ती! मी नववी!"

बोलायला तोंड उघडलं. घाटात मी चार तास बोलतो, माईक बंद पडला तरी बोलतो. आज आवाज बाहेरच येईना. ओठ नुसतेच हलले. ओठ थरथरत होता आणि तो झाकायला काही नव्हतं. खोलीत तिघं माझ्याकडे बघत उभी होती.

राजमहंमदभाई गोंधळले. हळूच लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "काय म्हनले सर?"

"शाब्बास म्हनले," अनिसा म्हणाली.